मेट्रोच्या गोळ्यांनी आतड्याचा कॅन्सर टळत नाही

सांगली-मिरजेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय: 'आतड्याचा कॅन्सर जंतूंमुळेच होतो. वर्षातून एकदा मेट्रोनिडाझोलचा कोर्स करा, दर महिन्याला एरंडेल घेऊन आतडी धुवा, रोज ताक-हळद घ्या. शौचातून रक्त पडलं तर घाबरू नका, ती मूळव्याध.' मेट्रोनिडाझोल, म्हणजे थोडक्यात 'मेट्रो', हे जंतू मारणारं अँटिबायोटिक. मिरजेत माझं मेडिकलचं दुकान आहे. मोबाइल पुढे धरून 'हेच पाकीट द्या' म्हणणारे काउंटरवर येतात, म्हणून हे लिहितोय.

'जंतूंमुळेच होतो.' संबंध आहे, 'मुळेच' चुकीचं. 2012 साली या कॅन्सरच्या गाठींत फ्युसोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम हा जंतू भरपूर सापडला. हा मुळात तोंडातला, हिरड्यांच्या आजारातला. तो आतड्याच्या पेशीला चिकटतो आणि तिला वाढायला चिथावतो. ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूच्या काही जाती कोलिबॅक्टिन नावाचं विष तयार करतात. ते थेट डीएनएवर घाव घालतं. 11 देशांतल्या 981 रुग्णांच्या गाठींचा अभ्यास 2025 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चाळिशीच्या आतल्या रुग्णांमध्ये या विषाच्या खुणा सत्तरीपुढच्यांपेक्षा 3.3 पट जास्त आढळल्या. हे घाव बहुधा वयाच्या पहिल्या दहा वर्षांतच पडत असावेत, असा संशोधकांचा अंदाज आहे. तसं असेल तर पन्नाशीत गोळ्या खाऊन ते कसे पुसले जाणार? शिवाय वय, अनुवंशिकता, तंबाखू, दारू, लठ्ठपणा ही कारणं आहेतच.

'मेट्रोचा कोर्स करा.' याचं मूळ 2017 च्या एका प्रयोगात असावं. माणसाच्या कॅन्सरची गाठ उंदरांत वाढवली होती आणि तिच्यात फ्युसोबॅक्टेरियम होता. औषधाने तिची वाढ मंदावली. एवढंच. धडधाकट माणसाने हे औषध घ्यावं, असं त्यातून निघत नाही. उलट हे औषध आतड्यातल्या उपयोगी जंतूंनाही मारतं. ज्वारीची भाकरी, मटकी, हरभरा यांतला चोथा आंबवून काही जंतू ब्युटिरेट नावाचा पदार्थ बनवतात, त्यावर मोठ्या आतड्याचं अस्तर पोसलं जातं. चिठ्ठीशिवाय हे पाकीट मी देत नाही, कितीही ओळखीचा माणूस असो.

'एरंडेलाने आतडी धुवा.' जुलाब होतील, अशक्तपणा येईल आणि काही आठवड्यांत जंतू पुन्हा पूर्वीसारखे होतील.

'ताक-हळद.' ताक जरूर प्या. आपल्या सांगलीच्या हळदीचा मलाही अभिमान आहे. पण आमटीतल्या हळदीने कॅन्सर टळतो, असं माणसांत सिद्ध झालेलं नाही. 'चांगले जंतू' म्हणून विकलं जाणारं सगळंच निर्धोक असतं असंही समजू नका: निसल 1917 या परदेशातल्या जुन्या, नावाजलेल्या प्रोबायोटिक ई. कोलायमध्येही कोलिबॅक्टिन बनवणारी जनुकं आहेत.

मेसेजमधलं शेवटचं वाक्य मात्र जीवघेणं आहे. तासगावकडचे एक काका मूळव्याधीचं मलम नेत. ट्यूब संपली की दुसरी. एकदा विचारलं तर म्हणाले, 'रक्त काळपट पडतंय, पँटही ढिली झाली.' मी मलम दिलं नाही, डॉक्टरांकडे पाठवलं. मूळव्याध आणि कॅन्सर एकाच माणसाला असू शकतात. नुसत्या रक्तावरून ते ओळखता येत नाही. आतड्याच्या अस्तरावर उगवलेल्या साध्या कोंबाचा (पॉलिपचा, मूळव्याधीच्या नव्हे) कॅन्सर व्हायला बहुतेकदा दहाएक वर्षं लागतात आणि दुर्बिणीच्या तपासणीत तो कोंब तिथल्या तिथे काढता येतो. रक्त पडत असेल, शौचाची सवय काही आठवडे बदललेली असेल, वजन विनाकारण घटत असेल किंवा हिमोग्लोबिन कमी येत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. घरात आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला हा कॅन्सर झाला असेल, तर त्रास नसतानाही तपासणी कधी करायची ते विचारून घ्या.