मांजलपूरकरांना उत्तर: गाण्याचं बिल आणि बाकीची बिलं

मांजलपूरकर, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा रात्री वाचली तेव्हा राग आला. सकाळी चहा घेताना पुन्हा वाचली तेव्हा त्यातलं निम्मं पटलं. म्हणून 'मताबद्दल धन्यवाद' म्हणून न सुटता जरा बैठक मारून लिहितो.

मागचा लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी एवढंच: माझी भाची टेक्सासमध्ये चीअरलीडिंगच्या स्पर्धा खेळते. तिच्या जिमने, म्हणजे क्लबने, यंदा गाण्यांचे तुकडे जोडून केलेल्या अडीच मिनिटांच्या ट्रॅकसाठी दोन हजार डॉलर मोजले. त्यावर मी लिहिलं होतं की गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला त्याचे पैसे मिळायलाच हवेत, आणि 'एवढ्याने काही खेळ कुणाच्या हाताबाहेर जात नाही'. त्यावर तुमचं म्हणणं असं की मी कंपन्यांची वकिली करतो, अडीच मिनिटांच्या नाचाने कुणाचं दिवाळं निघत नाही, लग्नाच्या वरातीत वाजतं तेव्हा कुणी लायसन्स विचारत नाही, गरिबाची मुलगी मात्र या लायसन्सपायी घरी बसेल. आणि शेवटी, 'दांडिया बाजारात तीस वर्षं दुसऱ्यांची गाणी कापून पोट भरणाऱ्याने आम्हाला कॉपीराइट शिकवू नये.'

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण ते खरं आहे: बडोद्याच्या दांडिया बाजारात मी हेच करत आलो. पोटमाळ्यावर अजून एक पत्र्याची ट्रंक आहे, कॅसेटींनी भरलेली. शाळांच्या गॅदरिंगची गाणी मी डबल डेकवर पॉज बटण दाबून-सोडून जोडायचो. मुखडा एका सिनेमातला, ढोल दुसऱ्यातला, शेवट तिसऱ्याचा. पुढे कॉम्प्युटर आला आणि बोटं सुटली. कुणाची परवानगी घ्यायची असते हे ना मला माहीत होतं, ना कधी कुठल्या बाईंनी विचारलं. विचारायच्या ते एवढंच, 'उद्या सकाळपर्यंत होईल ना?' होईल, चालेल, घेऊन जा.

डोळे उघडले ते दोन वर्षांपूर्वी. आपल्याकडच्या नऊ मुलींचा एक चीअरचा संघ आहे, त्यांना शिकवणाऱ्या ताई आधी जिम्नॅस्टिक खेळायच्या. त्यांना मी चार सिनेमांतली गाणी कापून झकास ट्रॅक करून दिला. मुली खेळल्या, कुणीतरी व्हिडिओ काढला, इंटरनेटवर चढवला आणि दुसऱ्या दिवशी त्यातला आवाजच गेला. गाण्याच्या मालकाचा दावा. चित्र हलतंय, मुली उडतायत, पडद्यावर स्मशानशांतता. त्यातली सगळ्यात छोटी, जी वर चढते, ती आईचा फोन कानाला लावून बघत होती की आवाज बारीक तर नाही ना झाला. त्या आठवड्यात मी कायदा वाचायला घेतला. तेव्हा शिकवतो म्हणण्यापेक्षा, उशिरा शिकलो, असं समजा.

'नाच' या शब्दाबद्दल एकच वाक्य. २००८ साली आयपीएलच्या सीमारेषेवर जे पाहिलं तेवढंच डोक्यात ठेवून बोललात तर मुलींवर अन्याय होतो; स्पर्धेतलं चीअर म्हणजे दहीहंडीचे थर, जिम्नॅस्टिकच्या कोलांट्या आणि हवेत फेकलेली मुलगी झेलणं, हे सगळं गाण्याच्या ठेक्यावर. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने या खेळाच्या जागतिक संघटनेला २०२१ मध्ये पूर्ण मान्यता दिली आहे.

आणि ठेका म्हणजे नुसतं मागे वाजणारं गाणं नव्हे. हे नीट सांगतो, कारण पैसे कशाचे ते इथेच कळतं. समजा गती मिनिटाला १४४ ठोके. अडीच मिनिटांत ३६० ठोके, म्हणजे आठ-आठ ठोक्यांचे बरोबर ४५ गट, आमच्या भाषेत ४५ 'आठ'. ताई मला एक कागद देतात, ४५ ओळींचा, प्रत्येक ओळीत एक ते आठ आकडे. बाराव्या ओळीत पाचवर मुलगी वर फेकली जाते, सातवर झेलली जाते. पाचवर मला 'सूंऽऽ' हवं, सातवर 'धप्'. आता एक ठोका म्हणजे अर्ध्या सेकंदाहून कमी. मुलींना झेलायला अर्धा ठोका उशीर होत असेल तर तो 'धप्' आधी वाजतो आणि पाहणाऱ्याला वाटतं मुलगी निसटली. मग मी आवाज सरकवायचा की मुलींनी लवकर झेलायचं, यावर ताईंचं आणि माझं एका रविवारी सेवउसळ थंड होईपर्यंत भांडण झालं आहे. (त्या जिंकल्या. आवाज सरकवला.)

हे असं बेतून शिवलेलं काम असतं, त्याची शिलाई द्यावी लागते. कापडाचे पैसे वेगळे. आणि कापडाचे मालक दोन: एक जो रेकॉर्डिंग काढतो तो, म्हणजे कंपनी, दुसरे ज्यांनी शब्द आणि चाल केली ते. ऑनलाइन गाणं विकत घेतलं तर ते ऐकायला मिळतं, कापून दुसऱ्याला जोडायला नाही. स्पर्धेच्या सभागृहाने गाणी वाजवायचं लायसन्स काढलं असलं तरी त्यात कापाकापी बसत नाही. अमेरिकेत सगळे माझ्यासारखेच होते, बरं का. २०१४ मध्ये सोनी म्युझिकने चीअरचे मिक्स, म्हणजे असे कापून जोडलेले ट्रॅक, विकणाऱ्यांवर दावा लावला, मग तिथल्या यूएसए चीअर संस्थेने संघांना सांगायला सुरुवात केली की परवान्याचा कागद असलेलंच संगीत वापरा. मिक्सवाल्यांनी वाट काढली: मूळ रेकॉर्डिंगला हात न लावता त्याच गाण्याची परवानगी काढून नव्या गायिकेकडून गाऊन घ्यायचं, नाहीतर गाणंच नवं करायचं. म्हणून भाचीचा ट्रॅक ऐकताना मला सारखं वाटतं की हे गाणं ओळखीचं आहे पण बाई वेगळीच आहे. गायिका, स्टुडिओ, आणि आजकाल एकेका गाण्याला पाच-सहा लेखक-संगीतकार, त्या प्रत्येकाच्या प्रकाशकाची परवानगी. असे दहा तुकडे एका ट्रॅकमध्ये. भाव चढणार नाही तर काय?

आता दिवाळं. ताईकडून (माझ्या बहिणीकडून, या वेगळ्या ताई) वर्षाचा हिशेब मागवला. जिमची फी २,९४० डॉलर. ड्रेस, बूट, डोक्यावरचा तो भलामोठा बो ५६०. कोरिओग्राफी ४००. स्पर्धांची फी ९००. विमान आणि हॉटेल २,६००. गाणं: दोन हजार भागिले बावीस मुली, ९१ डॉलर. एकूण साडेसात हजाराला नऊ डॉलर कमी. म्हणजे शंभरात सव्वा रुपया गाण्याचा. तरी जिमच्या पालकसभेत कुणी सगळ्यात जास्त ओरडलं असेल तर ते त्या ९१ वर. हॉटेलवर कुणी बोललं नाही. बहीण गावात मैत्रिणीकडे उतरू शकत होती. पण संघ खेळवायचा तर आयोजकांच्या यादीतल्याच हॉटेलात राहायचं, असा त्या स्पर्धेचा नियम. आणि पोटच्या पोरीचा खेळ बघायला आईबापांनी पुन्हा तिकीट काढायचं.

त्या देशात या धंद्यावरच खटले झाले. स्पर्धा, ड्रेस आणि शिबिरं, सगळ्यांत मोठा वाटा असलेल्या वर्सिटी कंपनीवर मक्तेदारीचा आरोप ठेवून जिमवाले आणि पालक कोर्टात गेले. कंपनीने आरोप मान्य केले नाहीत, पण एका खटल्यात ४.३५ कोटी डॉलर आणि पुढच्या, २०२४ च्या तडजोडीत ८.२५ कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. गाण्याच्या लायसन्सने एवढा पैसा कुणाच्या खिशातून काढलेला मला दिसत नाही. वकिली म्हणाल तर माझी वकिली एवढीच.

इथपर्यंत तुम्हाला झोडपलं. आता माझी पाळी.

'एवढ्याने खेळ हाताबाहेर जात नाही' हे मी बावीस मुलींना भागून लिहिलं. आपल्या नऊ जणींना भागायला विसरलो. आठ-नऊ जणींच्या संघालाही ट्रॅक तेवढाच लांब, काम तेवढंच. त्या दोन हजारांचे आठ वाटे केले तर प्रत्येकीचे अडीचशे डॉलर होतात. स्वस्तात तयार ट्रॅक मिळतात, पण तो शाळेच्या गणवेशासारखा, कुणाच्याच अंगावर नीट बसत नाही. शिवाय भाचीच्या जिमच्या पावतीवर बारीक अक्षरात छापलंय: एक संघ, एक हंगाम. पुढच्या वर्षी पुन्हा पाकीट काढा. म्हणजे मोठ्या जिमला जे किरकोळ, ते छोट्या संघाच्या मानगुटीवर. या मुद्द्यावर तुमचं बरोबर, माझं चूक. ते वाक्य मी मूळ लेखातून काढलं आहे.

वरातीचं विचारलंत. आपल्या १९५७ च्या कायद्यात धार्मिक विधी, लग्न आणि त्याभोवतीचे समारंभ यांना सूट लिहूनच दिलेली आहे. हौशी मंडळाने तिकीट न लावता गाणं सादर केलं तर त्यालाही सूट आहे. पण ती सादर करायला. रेकॉर्डिंग कापून नवा ट्रॅक विकायला नाही. म्हणजे मुली बऱ्याचदा सुटतात, अडकतो तो मी. 'जुनी गाणी वापरा' असंही कुणीतरी खाली लिहिलंय. रेकॉर्डिंग प्रसिद्ध झाल्यावर साठ वर्षांनी मोकळं होतं, पण शब्द आणि चाल त्या माणसांच्या मृत्यूनंतर साठ वर्षं बांधलेली असतात. तुकोबांचे शब्द घ्या खुशाल, त्यांना कसली मुदत. पण रेडिओवर ऐकलेली चाल घेतलीत तर तिचा बाप वेगळा आहे.

मग आम्ही काय केलं ते ऐका. सुरसागर तलावाच्या काठावर आपलं म्युझिक कॉलेज आहे, मौलाबक्षांच्या १८८६ च्या गायनशाळेतून वाढलेलं. तिथे शिकणारी दोन मुलं गाठली, एक तबल्याचा, एक ढोल-ताशा दोन्ही वाजवणारा. बडोद्यात गवई फैयाज खाँसाहेबांनाही दरबार पगार देत होता, तर या पोरांना फुकटात कसं राबवायचं? ४,५०० रुपये ठरले. तीन बैठकांत त्यांनी ४५ आठांचा नवाकोरा ट्रॅक केला. मधे गरब्यातला हिंचचा ठेका येतो तिथे मुली पिरॅमिड बांधतात, आणि वर चढणारी टाळी देते तिथे ताशाची काडी पडते. मी फक्त 'धप्' घातले.

४,५०० भागिले नऊ, पाचशे रुपये. महिन्याची फी तीनशे आहे, तेव्हा एका आईने तोंड वाकडं केलं, आणि ते रास्त होतं. पण हा ट्रॅक भाड्याचा नाही. तो संघाचा आहे. यंदा दुसरं वर्ष चाललंय, पुढच्या वर्षीही वापरू, म्हणजे वर्षाला मुलीमागे पावणेदोनशेच्या आत. फक्त कागद नीट करा. हक्क लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात, तोंडी चालत नाही. त्यात मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. आम्ही 'कायम' आणि 'जगभर' लिहिलं. ढोलवाला हसून म्हणाला, 'काका, जगभर? आम्ही तर अजून सुरतला गेलो नाही.' मी म्हटलं, लिही, व्हिडिओ जगभर दिसतो.

यात सगळं सुटलं असं नाही. गाद्या अजून उसन्या आहेत, एक मधोमध फाटलीय आणि तिथे नेमकी कुणीतरी उतरते. दिल्लीला जायचं म्हटलं की स्लीपरची तिकिटं, राहणं, ताईंची रजा. बाहेरगावची एक स्पर्धा यंदा सोडली ती तिकिटांपायी, गाण्यापायी नाही.

प्रतिक्रियेत तळाशी तुम्ही लिहिलंय की तुमची मुलगी शाळेच्या संघात आहे आणि गेल्या महिन्यात सिनेमाच्या गाण्यांचा ट्रॅक मागायला आलात तेव्हा मी नाही म्हटलं. आता आठवलं, निळ्या स्कूटरवाले तुम्ही. तेव्हा घाईत नुसतं 'नाही' म्हटलं, ते तोडल्यासारखं झालं, माफ करा. सिनेमाचा आताही करून देणार नाही. पण ती दोन मुलं मोकळी आहेत. संघात किती मुली आहेत ते आधी कळवा, त्यावर वाटा ठरेल. मोजणीचा कागद पेन्सिलने लिहिलेला चालेल. पिरॅमिड कुठल्या आठाला लागतो आणि मुलगी कुठल्या अंकावर झेलता तेवढी खूण मात्र करा, आणि अर्धा ठोका उशीर होत असेल तर तोही खरा लिहा.