तूप आधी यकृतात जात नाही

‘तूप खाल्लं की ते आतड्यातून थेट यकृतात जाऊन साठतं’ हे फॅटी लिव्हरवरच्या (यकृतात चरबी साठण्यावरच्या) एका लेखातलं वाक्य साफ चुकीचं आहे. थेट यकृतात जाते ती साखर, पोर्टल शिरेतून, म्हणजे आतड्याकडून यकृताकडे रक्त नेणाऱ्या शिरेतून. तुपातली बहुतेक मेदाम्लं (चरबीचे घटक) लांब साखळीची. आतड्याच्या पेशी ती पुन्हा ट्रायग्लिसराइडमध्ये, म्हणजे चरबीच्या रेणूंत, जोडतात, त्यांचे कायलोमायक्रॉन नावाचे कण करून लसिकेत (रक्तवाहिन्यांपेक्षा वेगळ्या नळ्यांतून वाहणाऱ्या द्रवात) सोडतात आणि ते मानेच्या डाव्या बाजूला खाली शिरेत मिसळतात. म्हणजे स्नायू आणि चरबीच्या पेशी आधी हात मारून घेतात, उरलंसुरलं यकृताकडे. (खोबरेल तेलातली मध्यम साखळीची काही आम्लं मात्र खरंच सरळ यकृतात जातात.)

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. लग्नाचं जेवण झाल्यावर तीन-चार तासांत कोणी रक्त दिलं, तर सेंट्रिफ्यूजमधून (रक्त गरागरा फिरवणाऱ्या यंत्रातून) निघालेलं सीरम, म्हणजे रक्तपेशी वेगळ्या झाल्यावर उरलेला द्रव, पिवळसर नितळ नसतं, ताकासारखं पांढुरकं दिसतं. ते हेच कण. उपाशीपोटी यायला सांगूनही ‘चहाच तर घेतला, बिस्किटं दोनच’ म्हणणारे तर रोज भेटतात! आणि फॅटी लिव्हरबद्दल लिहायचंच होतं, तर शीतपेयं, दारू आणि सुटलेलं पोट यांवर एक ओळ तरी हवी होती. सगळं खापर तुपावर का?