भैरवीची पट्टी आणि पाच बाइट

सोसायटीत ज्याला कॉम्प्युटर येतो आणि पेटीवर थोडीफार बोटं फिरवता येतात, त्याची दिवाळी गेलीच म्हणून समजा. इतरांच्या घरी चकलीचे घाणे निघत असतात, तेव्हा हा माणूस ‘दिवाळी पहाट’चं नोटेशन माउसने टिपत बसलेला असतो. आमच्या सोसायटीत तो माणूस मी.

गायक काकांची सूचना सुटसुटीत होती. ‘‘शेवटी भैरवी. काळी एक. बाकीचं तू बघ रे.’’

काळी एक म्हणजे पेटीच्या सप्तकातली पहिली काळी पट्टी, तिथे काकांचा सा; इंग्रजीत तिला सी शार्प म्हणतात. बाकीचं म्हणजे एक कीबोर्डवाला पोरगा आणि एक सॅक्सोफोनवाले अंकल. पोरग्याचं सगळं संगीत लॅपटॉपमध्ये. त्याला मिडी फाइल हवी, म्हणजे आवाज नव्हे, कुठला स्वर कधी वाजवायचा याची यादी. अंकल मूळचे म्हापशाचे, आता पुण्याच्या कॅम्पात. लहानपणी चर्चच्या शाळेत सोल्फेज, म्हणजे कागदावरचे स्वर वाचून म्हणायची पाश्चात्य पद्धत, गिरवलेलं, त्यामुळे समोर कागद ठेवला की न अडखळता वाजवतात. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारखे गोव्याचे अरेंजर मुंबईच्या सिनेमाला मिळाले ते याच कागदी शिस्तीतून, आणि अंकल ते आपल्या घरचंच कार्य असल्यासारखं सांगतात. हल्ली त्यांना पीडीएफमधले स्वरांचे ठिपके बारीक दिसतात. म्हणून नातीने त्यांच्या टॅबवर एक अ‍ॅप घालून दिलंय. त्यात मिडी उघडायची, ठिपके हवे तेवढे मोठे करायचे. थोडक्यात, दोघांनाही मिडीच हवी होती. मला वाटलं, चला, एका फाइलमध्ये काम भागलं.

आता काळी एकची भैरवी स्टाफवर, म्हणजे पाश्चात्य नोटेशनच्या पाच रेघांवर, मांडायची म्हणजे सी शार्पपासून निघायचं, आणि रे, ग, ध, नी चारही कोमल. हिशेब केला तर बरोबर तीन शार्पमध्ये मावते (शार्प म्हणजे स्वर अर्धी पायरी वर, फ्लॅट म्हणजे अर्धी खाली). सुरुवातीला तीन शार्पची ‘की सिग्नेचर’, म्हणजे गाणंभर कुठले स्वर शार्प-फ्लॅट घ्यायचे त्याची खूण, टाकली की पुढे एकही जास्तीची खूण नको. कागद इतका स्वच्छ दिसत होता की मी बायकोला बोलावून दाखवला. ती म्हणाली, ‘‘छान. फराळाचे डबे कधी वाटायचे?’’

फाइल एक्सपोर्ट केली आणि व्हॉट्सअ‍ॅपवर सोडली.

संध्याकाळी क्लब हाउसमध्ये तालीम. पोरग्याने तानपुरा लावला, काकांनी डोळे मिटून ‘सा’ लावला, लगेच उघडले. ‘‘ही कुठली पट्टी?’’

‘‘फाइलमध्ये आहे तीच काका. ए मेजर.’’

ए म्हणजे पांढरी सहा. पोरग्याचं सॉफ्टवेअर फाइल उघडतानाच ‘की’, म्हणजे पट्टी, वाचतं आणि त्याप्रमाणे तानपुरा, कॉर्ड सगळं आपलं आपण लावून मोकळं होतं. तीन शार्प म्हणजे ए मेजर, असं जगातलं कुठलंही पुस्तक सांगेल. भैरवीचे सूर तेच, जागेवरच. फक्त षड्ज उचलून कोमल धैवतावर नेऊन ठेवलेला. मूर्च्छना, म्हणजे स्वर तेच ठेवून षड्ज हलवणं, माहीत असणाऱ्यांनी एव्हाना ओळखलं असेल, पोरग्याच्या लॅपटॉपमधून अख्खी भैरवी सगळ्या शुद्ध स्वरांचा बिलावल होऊन बाहेर येत होती. मैफलीचा शेवट व्हायचा तर शाळेची प्रार्थना सुरू झाली. तबलेवाले मात्र खूश होते, त्यांचा ठेका कुठेच बिघडला नव्हता.

इथे मिडीबद्दल थोडं सांगायला हवं. 1983 साली वेगवेगळ्या कंपन्यांच्या सिंथेसायझरना एकमेकांशी बोलता यावं म्हणून ही भाषा आली आणि 1988 साली ती फाइलमध्ये कशी साठवायची याचे नियम ठरले. त्या भाषेत स्वर म्हणजे 0 ते 127 मधला एक आकडा. मधला सी 60, त्याच्या वरची काळी 61. ती सी शार्प की डी फ्लॅट, हे मिडी विचारत नाही. म्हणजे मिडी आपल्याकडच्या पेटीवाल्यासारखीच. त्यालाही काळी एक म्हणजे काळी एक, तिला आणखी दोन नावं कशाला? इथपर्यंत माझं आणि मिडीचं छान जुळतं.

पण नोटेशनवाल्यांना नावाशिवाय चैन पडत नाही, म्हणून की सिग्नेचरसाठी फाइलमध्ये पाच बाइटची एक चिठ्ठी जोडायची सोय केली: आधी एफएफ 59 02 ही ओळख, मग शार्प-फ्लॅटचा आकडा, आणि शेवटी 0 म्हणजे मेजर (सगळे स्वर शुद्ध), 1 म्हणजे मायनर (ग, ध, नी कोमल). शार्प असले तर एक ते सात, फ्लॅट असले तर उणे एक ते उणे सात. उणे तीन लिहायचं तर बाइटमध्ये पडतं 253. वाचणाऱ्या प्रोग्रॅमला उणे चिन्हाची जाण नसली तर त्याला वाटावं, या गाण्यात दोनशे त्रेपन्न शार्प आहेत. गंमत म्हणजे या चिठ्ठीचा आवाजावर कणभर परिणाम होत नाही. ती काढली, बदलली, उलटी लावली, तरी 61 हा 61च वाजतो. फक्त चिठ्ठी वाचून जे शहाणपणा करायला जातात त्यांची वाट लागते.

शेवटच्या बाइटमध्ये मेजर किंवा मायनर, तिसरं काही नाही. भैरवी नाही, तोडी नाही, भैरवाचं तर नावच काढू नका. बरं, आपल्याला हव्या तशा खुणांची सिग्नेचर कागदावर बनवायची सोय माझ्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. पण ती त्या पाच बाइटमध्ये लिहायची कशी?

रात्री फाइल हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे एकेक बाइट दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उघडून बसलो. समोर 03 00. शेवटच्या शून्याचा एक केला तर एफ शार्प मायनर, म्हणजे षड्ज काळी तीनवर. आगीतून फुफाट्यात. सात शार्प, मेजर, असं लिहिलं तर षड्ज काळी एकवर येतो, पण मग चारही कोमल स्वरांना जागोजागी शार्प रद्द करणारी नॅचरलची खूण. शेवटी मध्यममार्ग सापडला: सी शार्प मायनर, चार शार्प. षड्ज जागेवर, ग, ध, नी आपसूक कोमल, एकट्या रिषभाला तेवढी खूण द्यायची. भैरवीला कुणी मायनर म्हटलं की माझ्या कपाळाला आठी पडते, पण तानपुरा बरोबर लागला तर आठी चालेल.

नवी फाइल पाठवली. पोरग्याचा अंगठा आला. पाठोपाठ अंकलचा फोन.

‘‘हें कितें रे बाबा? काल सहा शार्प होते, आज सात?’’

सॅक्सोफोनचं हे एक वेगळंच प्रकरण आहे. ऑल्टो सॅक्सवाल्याने कागदावरची पांढरी एक वाजवली की ऐकू येते काळी दोन. म्हणून त्याचा कागद मुळातच वरच्या पट्टीत लिहावा लागतो आणि सिग्नेचरमध्ये तीन शार्पची भर पडते. माझे तीन, त्यांचे सहा. माझे चार, त्यांचे सात. हे सगळं शास्त्राला धरून. पण माझ्या सॉफ्टवेअरने एक्सपोर्ट करताना स्वर ऐकू येतात तसे, म्हणजे मूळ पट्टीत ठेवले (ते बरोबरच, नाहीतर वाजताना घोटाळा होईल) आणि सॅक्सच्या ट्रॅकला चिठ्ठी मात्र अंकलच्या कागदावरची लावली. स्वर एका गावचे, सिग्नेचर दुसऱ्या गावची. टॅबवरच्या बिचाऱ्या अ‍ॅपने ती चिठ्ठी खरी मानली आणि जो जो स्वर बसेना त्याच्यापुढे नॅचरलची खूण काढली. आदल्या दिवशी रे, ग, ध, आज नीसुद्धा. अंकलनी स्क्रीनशॉट पाठवला. खुणांच्या गर्दीत ठिपके शोधावे लागत होते.

मी म्हटलं, ‘‘अंकल, त्या खुणांकडे बघू नका, कानाने वाजवा.’’ चर्चच्या शाळेत शिकलेल्या माणसाला असं सांगू नये. पलीकडे जी शांतता पसरली तिला अंदाजे सात शार्प असावेत.

सॉफ्टवेअरवाल्यांना मेल केली. उत्तर आलं की मिडी हे वाजवण्यासाठी असतं, वाचण्यासाठी नव्हे. तत्त्वतः त्यांचं काही चुकत नाही, आणि म्हणूनच जास्त चीड येते. वाचायचीच नसेल तर चिठ्ठी लिहिता कशाला? नुसते आकडे द्या की! सिग्नेचरच नसलेली फाइल बहुतेक प्रोग्रॅम सी मेजर धरून उघडतात. खुणा तिथेही पडतील, पण निदान खोटं कोणी बोललं असं होत नाही. मी सॅक्सच्या ट्रॅकमधली ती चिठ्ठीच मोडीत काढणार होतो, तेवढ्यात अंकलचा निरोप आला: त्रास घेऊ नको, मी लिहून घेतो.

पहाटे साडेपाचला लॉनवर सतरंज्या पडल्या, उटण्याचा वास सुटला, कोणीतरी नको तिथे लवंगी माळ लावली. काका शाल गुंडाळून आले आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, ‘‘घसा बसलाय. पांढरी एक घ्या.’’

पोरग्याने कीबोर्डवरचं पट्टी बदलायचं, ट्रान्सपोजचं बटण एकदा खाली दाबलं. त्याचं काम झालं. लॅपटॉपच्या पडद्यावर सी शार्प मायनर तसंच, बाहेर सी. मी घाईघाईने लॅपटॉप उघडायला लागलो, कारण अंकलचा अख्खा कागद काळी एकच्या हिशेबाचा असणार.

अंकलनी स्टँडवरचा कागद शांतपणे मागे सरकवला. मागे दुसरा होता. तोही हाताने लिहिलेला, ठळक, टप्पोरे ठिपके. आणि सुरुवातीला एकही शार्प नाही, एकही फ्लॅट नाही. काकांची पांढरी एक म्हणजे अंकलच्या कागदावर ए मायनर, सगळ्यात सोपी सिग्नेचर, जिच्यात काही लिहावंच लागत नाही. कोमल रिषभाला तेवढा एकेक फ्लॅट.

‘‘हा कधी लिहिलात?’’

‘‘कालच. दोन्ही लिहिले,’’ रीड ओला करत ते म्हणाले. ‘‘पन्नास वर्षं सिंगरबरोबर वाजवतोय. पहाटेच्या प्रोग्रॅमला कोण काळी एकमध्ये गातो?’’