रिपोर्ट होता, पण पोचला कुठे?

लेखात म्हटलंय की उपग्रह, ड्रोन आले त्यामुळे आता शत्रू अचानक घुसणं अवघड, हे मला अजिबात पटलं नाही. कारगिलचंच बघा ना, मे १९९९ मध्ये घुसखोर पहिल्यांदा दिसले ते हरवलेला याक शोधायला गेलेल्या बटालिककडच्या एका मेंढपाळाला. आणि माहिती अगदीच नव्हती असंही नाही, आयबीने (देशांतर्गत गुप्तचर विभाग) जून १९९८ मध्येच एलओसीपलीकडच्या (नियंत्रण रेषेपलीकडच्या) हालचालींचा रिपोर्ट दिला होता, तो पंतप्रधान, गृहमंत्री, डीजीएमओ (लष्करी कारवायांचे महासंचालक) यांच्या नावे गेला पण रॉ (परदेशातली माहिती काढणारी गुप्तचर संस्था) आणि संयुक्त गुप्तचर समितीच्या नावे गेलाच नाही, मग तुकडे जुळवणार कोण? हे कारगिलचा आढावा घेणाऱ्या के. सुब्रह्मण्यम समितीनेच लिहून ठेवलंय. ५२७ जवान गेले हो त्यात! हे तुकडे एका टेबलावर आणायचं काम नेतृत्वाचं, मशीनचं नाही. नंतर डीआयए (सैन्यदलांची गुप्तचर संस्था), एनटीआरओ (तांत्रिक गुप्तचर संस्था) झाल्या ते चांगलंच झालं, पण मंत्रिगटाने २००१ मध्ये सुचवलेलं सीडीएस (तिन्ही सैन्यदलांसाठी एक संरक्षण दल प्रमुख) पद भरायला १ जानेवारी २०२० उजाडलं, जवळपास १९ वर्षं, सरकारं आली-गेली आणि फाईल तिथेच. लेखकाने यावर एक ओळ तरी लिहायला हवी होती.