विकतचं दुखणं
पेटला परत तो पिवळा इंजिनाचा दिवा! म्हापशाहून पर्वरीला पोचेपर्यंत पेटला, या महिन्यात तिसऱ्यांदा. आणि लोक काय म्हणतात, तर नशीबवान आहेस, सेकंडहँड जर्मन गाडी अर्ध्या किमतीत पडली. अरे गाडीची किंमत अर्धी झाली, पार्ट्सची झाली का? साधा सेन्सर बदलायचा तर मेकॅनिक असा चेहरा करतो की जणू घरातलं कोणी गेलंय, मग हळूच, "बाब, मुंबयच्यान हाडचो पडटलो." म्हणजे मुंबईहून आणावा लागणार, आणि तोवर आठ दिवस मी बसने!

बरं, स्टेपनी नाही. रनफ्लॅट टायर आहेत म्हणे, हवा गेली तरी 80 च्या स्पीडने 80 किलोमीटर जातात. पण चोर्ला घाटात खड्ड्यात आपटून टायरची बाजूच फाटली तर काय, आरती करू त्याची?

आणि सनरूफ! जिथे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो तिथे छताला भोक पाडलेली गाडी कोण घेतं, तर मी. फणसाखाली लावली, पानांचा चुरा ड्रेनच्या नळीत बसला आणि पाणी सगळं आत. कार्पेट उचलून फडक्याने टिपत बसलो, अर्धी बादली निघाली, लेदरवर हिरवी बुरशी ती वेगळीच. शेजारचे काका पंधरा वर्षं जुन्या हॅचबॅकमधून हॉर्न मारून हसत गेले.

काल एकाने विचारलं, विकतोस का? चावीच पुढे केली. बसला, स्टार्ट केली आणि म्हणतो कसा, "हा पिवळा दिवा कसला रे?"