पलीकडून उत्तर नाही

मुलुंडहून अंधेरीचं ऑफिस गाठायला मला दीड तास लागतो. घरून व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटमधून ऑफिसच्या नेटवर्कात शिरायची खासगी वाट, लावला की अर्धं मिनिट. परवा सोमवारी मात्र तीन तास लागले, तेही खुर्चीवरून न उठता.

‘कनेक्ट’ दाबलं की टिकल्या गोल गोल फिरायच्या आणि शेवटी एरर ८०९ : सर्व्हर उत्तर देत नाही. पासवर्ड चुकला असता तर निदान अपमान तरी झाला असता. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे दार उघडून “काही नकोय” म्हणणारं बिऱ्हाड. पण हा वाट पाहून थकलेला टाइमआउट म्हणजे आत टीव्ही ऐकू येतोय, आपण बेल वाजवतोय, आणि दार काही कोणी उघडत नाही.

हेल्पडेस्कवाला म्हणाला, “सर, राउटर बंद करून चालू केलात?” केला. “लॅपटॉप?” तोही. “मग तक्रारीचं तिकीट टाकतो.” रेल्वेचं असतं तर आतापर्यंत पोहोचलो असतो.

“एंगेज लागतंय का रे?” आईने मेथी निवडता निवडता विचारलं. ती डायल-अपच्या काळातली. तेव्हा तिने मावशीला फोन लावायला रिसीव्हर उचलला की माझं इंटरनेट तुटायचं. पण तो ५६ केचा मोडेम आधी किंचाळून सगळ्या घराला सांगायचा तरी.

शेवटी मोबाइलचा हॉटस्पॉट लावला. पाच सेकंदांत जोडलं! म्हणजे सर्व्हर ठणठणीत, पासवर्ड बरोबर. घरच्याच वाटेत कोणीतरी आडवं पडलंय. (हॉटस्पॉटवरच काम केलं असतं, पण आमच्याकडे रेंज फक्त बाथरूमच्या खिडकीत येते.) संशय गेला केबलवाल्याने नुकत्याच बसवलेल्या नव्या राउटरवर. इंटरनेटवरची ये-जा पोर्ट नावाच्या नंबरवाल्या दारांतून होते. वेबसाइट ४४३ नंबरच्या पोर्टवरून येतात, त्या झकास चालू. आमचा व्हीपीएन यूडीपी नावाच्या दुसऱ्या पद्धतीच्या ५०० आणि ४५०० नंबरच्या पोर्टवरून जातो. सोसायटीचं पुढचं गेट उघडं, मागच्याला कुलूप, आणि वॉचमन “बंद आहे” एवढंही सांगायला तयार नाही.

केबलवाल्याचा पोरगा आला, राउटरच्या सेटिंगच्या पानावर ‘आयपीसेक पासथ्रू’ (म्हणजे असल्या व्हीपीएनला वाट सोडा) समोरच्या चौकोनात टिचकी मारली आणि चहाही न घेता गेला. लागला व्हीपीएन! ऑफिसची मेल उघडली. सगळ्यात वर हेल्पडेस्कचं पत्र : “आपल्याकडून उत्तर न आल्याने तिकीट बंद करत आहोत.”