पश्चिम घाटाच्या मसुद्याने शेती बंद होणार नाही

शाहूवाडी-राधानगरीकडच्या गावांत एक मेसेज फिरतोय: "खाणविरोधी आंदोलकांमुळे गाव इको-सेन्सिटिव्ह झालं, आता शेती बंद, घरावर पत्राही घालता येणार नाही." (इको-सेन्सिटिव्ह म्हणजे निसर्ग जपण्यासाठी काही कामांवर निर्बंध असलेलं क्षेत्र.) हे खोटं आहे. माझ्या मामांनी तर त्यावर विश्वास ठेवून पावसाच्या तोंडावर कौलं शाकारायचं काम थांबवलं, म्हणून लिहितोय.

पश्चिम घाटातलं इको-सेन्सिटिव्ह क्षेत्र ठरवणारा केंद्राचा ३१ जुलै २०२४ चा मसुदा वाचा. त्यात खाणकाम, दगडखाणी आणि वाळू उपशावर पूर्ण बंदी आहे, शेतीवर नाही. चालू खाणी अंतिम अधिसूचनेपासून पाच वर्षांत किंवा लीज संपताच, जे आधी होईल तेव्हा बंद करायच्या आहेत. राहत्या घरांची दुरुस्ती, वाढीव बांधकाम याला मुभा आहे. जमिनीची मालकीही बदलत नाही.

आंदोलक बॉक्साइटच्या (ॲल्युमिनियमच्या खनिजाच्या) खाणींविरुद्ध बोलतात, ऊस-भाताविरुद्ध नाही. हे बॉक्साइट जिथे मिळतं, त्या जांभ्याच्या पठारावर पडलेलं पाणी झिरपून खालच्या झऱ्यांना येतं. पठारच खरवडलं तर झऱ्याला पाणी कुठून येणार?

सरकारने आंदोलकांना विकासविरोधी ठरवण्यापेक्षा मराठी मसुदा चावडीवर लावावा, ग्रामसभेत वाचावा. ओडिशात नियमगिरी डोंगरातल्या बॉक्साइट खाणीचा प्रश्न २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्रामसभांकडेच सोपवला होता, आणि बाराही ग्रामसभांनी खाण नाकारली.

मामा, कौलं बिनधास्त शाकारा.